बेडकाची ढाल आणि ऐंशी वर्षांची दुरुस्ती

आजचा विषय आहे जिवाणूंना मारणारे निसर्गातले पेप्टाइड आणि त्यांच्यात माणसाने केलेली 'सुधारणा'. हा सुधारणा शब्द जरा धरून ठेवा, कारण सगळा घोळ त्याच्यातच आहे. कल्पना तशी सरळ आहे. निसर्गात सापडलेला एखादा जिवाणूनाशक रेणू घ्यायचा, रसायनशास्त्राच्या मदतीने त्यात थोडे फेरफार करायचे, आणि तो जास्त जालीम, जास्त टिकाऊ करायचा. पण इतिहास बघितला तर एक गंमत दिसते. या घराण्यातला जो रेणू परीक्षानळीत सगळ्यात नावाजला गेला, तो अजूनही औषधाच्या दुकानात पोचलेला नाही. आणि जे पोचले, त्यातल्या एकाची मारक ताकद तर मुद्दाम झाकून ठेवलेली होती. हे असं का झालं, तेवढंच आज बघायचं आहे.

पेप्टाइड म्हणजे काय ते एका वाक्यात सांगतो. अमिनो आम्ल नावाचे मणी ओवून केलेली माळ. माळ खूप लांब झाली की तिला आपण प्रथिन म्हणतो. दहा, वीस, चाळीस मण्यांचा तुकडा असला की पेप्टाइड. बास, एवढ्यावर आज काम भागेल.

सुरुवात 1939 सालापासून करू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेने द्युबो नावाचे एक फ्रेंच-अमेरिकन शास्त्रज्ञ होते. मातीतल्या एका जिवाणूपासून त्यांनी टायरोथ्रिसिन वेगळं केलं. त्यात दोन प्रकारचे पेप्टाइड निघाले, ग्रामिसिडिन आणि टायरोसिडिन. पेनिसिलिन तेव्हा अजून ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत चाचपडत होतं, हे लक्षात घ्या. ग्रामिसिडिनने न्यूमोनियाच्या जिवाणूंपासून उंदरांना वाचवलं, सगळे हरखून गेले. आणि मग कळलं की हे रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. संपलं. म्हणजे अगदी संपलं नाही, घशाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब अशा वरवरच्या वापरात ही मंडळी आजही आहेत. पण सुई टोचून द्यायचं औषध काही झालं नाही.

आता बघा, याच वेळी पहिली दुरुस्ती झाली. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ग्रामिसिडिनवर फॉर्मॅल्डिहाइडची प्रक्रिया केली. फॉर्मॅल्डिहाइड म्हणजे तेच, ज्याच्या पाण्यातल्या द्रावणात कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवलेले असतात. त्यातून जे तयार झालं ते जिवाणू मारत होतं आणि तांबड्या पेशींना मूळ रेणूपेक्षा कमी त्रास देत होतं. औषध म्हणून ते पुढे गेलं नाही, कारण तोवर पेनिसिलिन आलं होतं आणि कुणाला गरज उरली नव्हती. पण एक गोष्ट तिथेच दिसते: पहिली दुरुस्ती ताकद वाढवायला झालीच नाही, माणसाला ते सोसावं म्हणून झाली.

दुसरी गोष्ट कोलिस्टिनची. पॉलिमिक्सिन या कुळातले रेणू 1947च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे सापडले, आणि जपानमध्ये कोयामांनी कोलिस्टिन शोधलं, ते दोनेक वर्षांनी. दहा अमिनो आम्लं, त्यातल्या सातांचं कडं, आणि मागे चरबीची एक शेपटी. या रेणूवर पाच ठिकाणी धन विद्युतभार असतो. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार असतो, तिथे हा जाऊन चिकटतो आणि आवरण फाडतो. काम चोख. पण मूत्रपिंडं आणि नसा यांनाही मार बसतो, आणि इंजेक्शनची जागा भयंकर दुखते.

मग रसायनशास्त्रज्ञांनी काय केलं? पुन्हा फॉर्मॅल्डिहाइडच, सोबत बायसल्फाइट. त्या पाचही धनभारित जागांवर एकेक ऋणभारित टोपी चढवली. याला कोलिस्टिमेथेट म्हणतात, 1950च्या दशकाच्या शेवटी ते वापरात आलं. टोप्या घातलेला रेणू माणसाला बऱ्यापैकी सोसतो, आणि शरीरात गेल्यावर टोप्या हळूहळू गळून पडतात आणि आतलं खरं कोलिस्टिन बाहेर येतं. मेलबर्नच्या संशोधकांनी 2006 मध्ये नीट दाखवून दिलं की टोप्या घातलेल्या रूपात हा रेणू जवळपास निष्क्रियच असतो. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक डॉक्टर हे औषध देत होते, आणि रुग्णाच्या रक्तात कुठल्या क्षणी किती टोप्या गळलेल्या आहेत याचा नेमका हिशोब कुणाकडे नव्हता. त्यात युरोप एका एककात डोस मोजणार, अमेरिका दुसऱ्या. अतिदक्षता विभागात काम करणारं कुणी इथे असेल तर ते मान डोलावत असतील.

याला सुधारणा म्हणायचं का? परीक्षानळीच्या मोजपट्टीने ही अधोगती आहे. रुग्णाच्या बाजूने बघाल तर हीच सुधारणा. मी तरी दुसऱ्या बाजूला आहे.

1970 नंतर कोलिस्टिन मागे पडलं, जास्त सुरक्षित प्रतिजैविकं आली होती. आणि पेप्टाइड हा विषयही जरा झोपी गेला. तो जागा केला कीटकांनी आणि बेडकांनी. स्टॉकहोममध्ये हान्स बोमान आणि त्यांचे सहकारी सिक्रोपिया नावाच्या मोठ्या रेशमी पतंगाच्या कोषांवर काम करत होते. 1981 मध्ये त्यांनी त्यातून सिक्रोपिन काढलं. त्याच्याही आधी, 1979 मध्ये, आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीत पुष्पमित्र भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या वीर्यातून सेमिनलप्लाझ्मिन नावाचं जिवाणूनाशक प्रथिन शोधलं होतं, सत्तेचाळीस अमिनो आम्लांचं. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, म्हणून मुद्दाम सांगितली. तिच्याकडे पुन्हा येतो.

आता बेडूक. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅसलॉफ नावाचे डॉक्टर-संशोधक आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग करत होते. अंडी काढायची तर बेडकाच्या पोटाला छोटा छेद द्यायचा, अंडाशयाचा भाग घ्यायचा, टाके घालायचे आणि बेडूक परत टाकीत सोडायचा. टाकीचं पाणी निर्जंतुक वगैरे काही नव्हतं, बेडकांचं पाणी कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तरी जखमा चिघळत नव्हत्या. कितीतरी प्रयोगशाळांत हेच रोज होत होतं, सगळ्यांनी बघितलं होतं. झॅसलॉफनी विचारलं, का चिघळत नाहीत? कातडीतून त्यांना दोन पेप्टाइड मिळाले, प्रत्येकी तेवीस अमिनो आम्लांचे, एकमेकांपासून फक्त दोन जागी वेगळे. 1987 मध्ये शोधनिबंध आला. हिब्रूत ढालीला 'मागेन' म्हणतात, त्यावरून त्यांनी नाव ठेवलं मॅगेनिन.

मॅगेनिन काम कसं करतं? पाण्यात असताना ही माळ सैल असते. जिवाणूच्या आवरणाला लागली की तिची स्प्रिंगसारखी गुंडाळी होते. गुंडाळीची एक बाजू तेलकट, दुसरी पाण्याला धार्जिणी आणि धनभारित. साबणाचा रेणू असतो ना, एक टोक तेलाचं एक पाण्याचं, साधारण त्याच जातीचा प्रकार. धनभारित बाजू जिवाणूच्या ऋणभारित आवरणाकडे ओढली जाते, तेलकट बाजू आत घुसते, आवरणाला भोकं पडतात. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला ऋण भार फारसा नसतो, शिवाय कोलेस्टेरॉल असतं, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. 'बऱ्याच अंशी' हे शब्द महत्त्वाचे.

झॅसलॉफनी फिलाडेल्फियाजवळ कंपनी काढली, नावच मॅगेनिन फार्मास्युटिकल्स. आणि तिथे मणी बदलायचा खेळ सुरू झाला. अनेक आवृत्त्या केल्या. त्यातली टिकली ती एमएसआय-78, पुढे तिलाच पेक्सिगॅनान म्हणू लागले. हा बदल आपण जरा सावकाश बघू, कारण दुरुस्ती म्हणजे काय हे इथे हाताला लागतं.

मूळ मॅगेनिन-2 मध्ये लायसिन नावाचे धनभारित मणी चार आहेत. आणि एकोणिसाव्या जागी ग्लुटामिक आम्ल आहे, ते ऋणभारित, म्हणजे स्वतःच्याच फौजेतला फितूर. पेक्सिगॅनानमध्ये मणी बावीस. लायसिन नऊ. तो ऋणभारित मणी काढून तिथे तेलकट मणी बसवला. माळेच्या शेवटच्या टोकालाही निसर्गात एक ऋण भार असतो, तिथे एक छोटा नायट्रोजनचा गट जोडून तो भारही घालवला. हिशोब करा: मूळ रेणूचा एकूण भार साधारण अधिक तीन, नव्याचा अधिक दहा. जिवाणूकडे ओढ किती वाढली असेल बघा. शेपटाला झाकण लावल्याचा आणखी एक फायदा असा की टोकाकडून मणी कुरतडत येणारे जे पाचक एन्झाइम असतात, त्यांना पकडायला जागा राहत नाही.

आणि आता हैदराबाद. सेमिनलप्लाझ्मिनच्या माळेतला तेरा मण्यांचा एक तुकडा सीसीएमबीत आर. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिमरीत्या बनवला. तो जिवाणू मारत होता, पण तांबड्या पेशीही फोडत होता. 1990चं काम आहे हे. 1992 मध्ये त्यांनी त्यात फक्त एक मणी बदलला. कुठला? ग्लुटामिक आम्ल काढलं, लायसिन घातलं. मारक ताकद वाढली आणि तांबड्या पेशींचं नुकसान वाढलं नाही. फिलाडेल्फिया आणि हैदराबाद, पैशात आणि प्रसिद्धीत जमीन-अस्मानाचा फरक, पण बोट दोघांनी त्याच मण्यावर ठेवलं. आपल्याकडचं विज्ञान म्हणजे तिकडचं उशिरा केलेलं काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे उदाहरण मी खिशात ठेवतो.

आता टिकाऊपणाकडे येऊ. इथे एक विचित्र पेच आहे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनांच्या माळा कापतं, आणि नेमकं कुठे कापतं? लायसिन आणि आर्जिनिनच्या शेजारी. म्हणजे ताकद वाढवायला तुम्ही जितके लायसिन घालाल, तितक्या कात्रीच्या खुणा तुम्हीच करून ठेवता. जखमेतही अशी एन्झाइमं असतात, आपल्या पेशींचीही आणि जिवाणूंचीही.

यावर सगळ्यात देखणा उपाय आला ब्रूस मेरिफिल्ड यांच्याकडून. पुन्हा रॉकफेलर, द्युबोंचीच संस्था. मेरिफिल्डनी 1963 मध्ये माळेचं एक टोक घन मण्याला बांधून एकेक अमिनो आम्ल जोडत जायची पद्धत काढली होती, त्यासाठी 1984चं नोबेल मिळालं. ती पद्धत नसती तर आजचं हे व्याख्यानच नसतं. अमिनो आम्लांना डावं आणि उजवं रूप असतं, आरशातल्या प्रतिमेसारखं. आपली सगळी प्रथिनं डाव्या रूपाची. 1990 मध्ये मेरिफिल्ड, बोमान आणि सहकाऱ्यांनी सिक्रोपिन, मॅगेनिन अशा पेप्टाइडांच्या संपूर्ण उजव्या आवृत्त्या बनवल्या. जिवाणू तितकेच मेले. ट्रिप्सिनला मात्र कापता येईना. उजव्या पायात डावी चप्पल जावी तशी त्याची गत झाली. यातून एक मोठी गोष्टही सिद्ध झाली: हे पेप्टाइड कुठल्या ठरावीक कुलपात किल्लीसारखे बसत नाहीत, नाहीतर आरशातली किल्ली चाललीच नसती. ते सरळ आवरणावर हल्ला करतात.

मग सगळ्यांनी उजवेच का बनवले नाहीत? पैसे. उजवी अमिनो आम्लं महाग, आणि एरवीसुद्धा माळ ओवणं हे जिवाणूकडून पिंपात आंबवून घेण्यापेक्षा कितीतरी खर्चिक. त्यात न कापला जाणारा रेणू शरीरात रेंगाळतो, मग त्याच्या विषारीपणाची चिंता वेगळी.

पेक्सिगॅनानने मधला मार्ग धरला. रक्तातून द्यायचंच नाही, जखमेवर लावायचं मलम करायचं. रोग निवडला मधुमेही माणसाच्या पायाची जखम. निवड चुकीची नव्हती. पायाची संवेदना गेलेली, रक्तपुरवठा कमी, छोटी जखम चिघळते आणि पुढे बोट, पाऊल, पाय कापायची वेळ येते. आपल्याकडे प्रत्येक घराच्या ओळखीत असं कुणीतरी असतं. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून 835 रुग्ण. अर्ध्यांना मलम, अर्ध्यांना ऑफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या. एका चाचणीत दोन्ही समान असल्याचं सिद्ध झालं नाही, दुसरीत झालं. एकत्र हिशोबात दोन्ही गटांत सुधारलेले रुग्ण 85 ते 90 टक्के. गोळ्या घेणाऱ्या काहींच्या जिवाणूंमध्ये प्रतिकार दिसला, मलमवाल्यांमध्ये लक्षणीय प्रतिकार दिसला नाही. 1999 मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीचं समाधान झालं नाही आणि मंजुरी नाकारली गेली. कंपनीने पुढे नाव बदललं, 2009 मध्ये ती बंदच झाली.

झॅसलॉफ यांच्या चाहत्यांना हा अन्याय वाटतो. मला तसं वाटत नाही. सौम्य जखमा नीट धुतल्या, मेलेली कातडी काढली, पायावरचा भार काढला तर बऱ्याचशा तशाही सुधारतात. अशा वेळी 'गोळीइतकंच चांगलं' हे वाक्य फार काही सांगत नाही. दुसऱ्या एका कंपनीने तेच मलम पुन्हा चाचणीत उतरवलं, यावेळी औषध नसलेल्या नुसत्या मलमाशी तुलना करून. 2016 मध्ये निकाल आला: फरक दिसला नाही. नऊ लायसिन, अधिक दहा भार, सगळं जागच्या जागी होतं. जखमेची निगा नीट राखल्यावर त्या रेणूला करायला उरलंच फार थोडं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

याच्या शेजारी डॅप्टोमायसिन ठेवून बघा. एलाय लिली कंपनीला तुर्कस्तानातल्या अरारात पर्वताच्या मातीत एक जिवाणू मिळाला होता. त्याचा पेप्टाइड तेरा अमिनो आम्लांचा, मागे चरबीची शेपटी, आणि शेपट्यांची लांबी मिसळीसारखी वेगवेगळी. लिलीच्या माणसांनी मण्यांना हात लावला नाही. एका दुसऱ्या सूक्ष्मजीवाचं एन्झाइम वापरून शेपटी कापली आणि वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्या जोडून पाहिल्या. दहा कार्बनची शेपटी निवडली, कारण तिच्यात ताकद आणि विषारीपणा यांचा मेळ सगळ्यात बरा बसत होता. तरीही स्नायूंना त्रास होतो असं दिसलं आणि लिलीने काम सोडलं. 1997 मध्ये क्युबिस्ट नावाच्या छोट्या कंपनीने ते घेतलं. त्यांनी रेणूत काहीच बदललं नाही, घड्याळ बदललं. दिवसातून दोनदा देण्याऐवजी एकदाच. स्नायूंना मधे सावरायला वेळ मिळाला. 2003 मध्ये मंजुरी. आज गंभीर स्टॅफिलोकॉकस संसर्गात हे महत्त्वाचं औषध आहे.

शेवटचा भाग थोडा काळजीचा आहे. या पेप्टाइडांना जिवाणू प्रतिकार करूच शकणार नाहीत, असं फार काळ मानलं जायचं. आवरण कसं बदलणार, असा युक्तिवाद होता. मॅकगिल विद्यापीठाचे उत्क्रांतिशास्त्रज्ञ ग्रॅहॅम बेल यांना हे पटेना. 2003 मध्ये त्यांनी आणि फ्रान्सच्या गुयों यांनी लिहिलं की प्रतिकार येईल, आणि वर शत्रूच्या हातात शस्त्र दिल्यासारखं होईल, कारण असेच पेप्टाइड आपल्या शरीराच्या संरक्षणातही आहेत. मग प्रयोग झाला. पेक्सिगॅनान हळूहळू वाढवत जिवाणू 600 ते 700 पिढ्या वाढवले. 24 पैकी 22 वंशांत प्रतिकार आला. 2006च्या त्या निबंधावर लेखक म्हणून झॅसलॉफ यांचंही नाव आहे, आणि याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. 2012 मध्ये आणखी एक निबंध आला: पेक्सिगॅनानला सरावलेला स्टॅफिलोकॉकस माणसाच्या स्वतःच्या एका संरक्षक पेप्टाइडलाही दाद देईनासा झाला.

आणि कोलिस्टिन? इतर औषधं निकामी होत गेली तसं 1990च्या दशकापासून ते परत आलं, शेवटचा उपाय म्हणून. त्याच वेळी डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्यातही ते भरभरून जात होतं. 2015च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून एमसीआर-1 या जनुकाची बातमी आली. हे जनुक जिवाणूच्या आवरणावर एक धनभारित गट चिकटवतं, म्हणजे कोलिस्टिनला ओढणारा ऋण भारच कमी होतो. रसायनशास्त्रज्ञांनी भाराचा जो खेळ ऐंशी वर्षं पेप्टाइडच्या बाजूने खेळला, तोच जिवाणूने स्वतःच्या बाजूने खेळला. आणि हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकतं. भारत सरकारने 2019च्या जुलैमध्ये खाण्यासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती आणि खाद्यातली भर यांच्यासाठी कोलिस्टिन बनवण्या-विकण्यावर बंदी घातली.

नव्या पेप्टाइडांचा शोध अर्थात चालूच आहे. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 2010च्या सुमारास अशा पेप्टाइडांचा कॅम्प नावाचा माहितीसंग्रह सुरू केला, तो जगभरचे लोक वापरतात आणि मणी बदलण्याआधी संगणकावर अंदाज घेतात. तो सगळ्यांना खुला आहे. घरी गेल्यावर त्यात मॅगेनिन शोधा आणि चार लायसिन मोजून बघा. आता प्रश्न घेऊ.